भूमीची रीळ

खळ्यावरची धानाची चुरणी आटोपून बिसनलाल पटले दुपारी घरी आले, हातपाय धुतले आणि सवयीनं देवापुढं उभे राहिले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की फळीवर डबी नाही. गणपती होता, कुंकवाची कोयरी होती, विझलेली उदबत्ती होती. या सगळ्यांच्या शेजारी सत्तेचाळीस वर्षं बसलेली, बुटपॉलिशच्या डबीएवढी पत्र्याची डबी तेवढी नव्हती. लाकडावर तिचा गोल पांढरट डाग उरला होता.

"दुलारी, डबी कुठं हाय?"

"दुर्गानं नेली." दुलारी अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. खडे आता तिला दिसत नसत, बोटांना लागत. "मुंबईले पाठवून राहिली. तिथं एक पोरगा जुन्या रिळा धुते म्हणे. मोबाइलवर शोधला तिनं."

"मले न विचारता?"

"तुमाले कायले विचारायचं? सत्तेचाळीस वर्षं तुमालेच विचारून राहिली होती ना मी."

बिसनलाल आत गेले आणि खाटेवर बसून त्यांनी मुलीला फोन लावला. दुर्गेश्वरी गोंदियाला शिक्षिका होती. वय चव्वेचाळीस, कामात चोख, एकदा मनात घेतलं की मागं न फिरणारी. कुरियर सकाळीच गेलं, असं तिनं सांगितलं.

"परत बोलावता येते का?"

"काऊन, बाबूजी?"

"हरवलं-बिरवलं तर."

"नाही हरवत. कुठवर पोचलं ते मोबाइलवर दिसते. मायच्या डोळ्याचं डॉक्टरनं काय सांगितलं, माहीत हाय ना? मंग आता नाही तर कधी?"

माहीत होतं. दुलारीला काचबिंदू झाला होता. डोळ्यांच्या कडांकडून अंधार आत सरकत चालला होता आणि समोर खिडकीएवढा उजेड उरला होता. थेंबांनी आहे तेवढं टिकलं तर टिकेल, गेलेलं परत येणार नाही, असं गोंदियाच्या डॉक्टरांनी दिवाळीआधी सांगितलं होतं. त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडताना दुलारी एकच वाक्य बोलली होती, "डोळे जायच्या आधी एकडाव भूमीले पाहीन."

बिसनलालांनी फोन खाली ठेवला. त्या डबीतल्या रिळीत भूमी, त्यांची थोरली लेक, नव्हती, हे जगात एकट्या त्यांना ठाऊक होतं.

गोष्ट सत्त्याहत्तर सालची. बिसनलाल तेव्हा तिशीत होते आणि इटियाडोह धरणाच्या वसाहतीत राहून पाटबंधारे खात्यात ट्रेसरचं काम करत होते. कालव्यांचे नकाशे शाईनं उतरवायचे. त्यांची रेघ केसासारखी बारीक असे आणि कुठं थरथरत नसे. तिथले एक साहेब बदली होऊन निघाले, तेव्हा त्यांनी आपला सिनेमाचा कॅमेरा या हुशार पोराच्या हातात ठेवला. सिनेमाचा म्हणजे घरगुती, अर्ध्या विटेएवढा, काळा, कुशीला चावी असलेला. वीज नको, सेल नको. घड्याळासारखी चावी भरायची आणि समोरचा खटका दाबायचा. आतली स्प्रिंग उलगडत किर्रर्र आवाज करत अर्धा मिनिट चालायची.

"आत रीळ आहे," साहेब म्हणाले होते. "मी थोडी वापरली. उरलेली तुझी. संपली की या पाकिटात घालून मुंबईला पाठव, धुऊन येईल. फक्त मधे झाकण उघडू नकोस."

त्याच दिवाळीत भाऊबीज उलटल्यावर गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली. दंडार नाचणाऱ्यांचे फड आले, रहाटपाळणा आला, जिलेबीच्या कढया चढल्या. बिसनलालांनी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि चार वर्षांच्या भूमेश्वरीला मैदानात उभं केलं. चावी संपली की भरायची, खटका दाबायचा, पुन्हा भरायची. उरलेल्या रिळीचा आकडा शून्यावर येईपर्यंत सगळी रीळ त्यांनी लेकीवर ओतली. अख्खं गाव भोवती जमलं होतं. भूमीनं लंगडी घालून दाखवली, गरगर फिरून दाखवली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. फोटो काढायला गोंदियाला जावं लागे, आणि पोर थोडी मोठी झाली की जाऊ, असं ठरलं होतं.

मंडईनंतर नवव्या दिवशी तिला हिवताप चढला. अकराव्या दिवशी तो मेंदूत गेला. दवाखान्याच्या वाटेवर, बैलगाडीत, दुलारीच्या मांडीवर भूमी गेली.

दुलारी बावीस-तेवीस वर्षांची होती. ती रडेना, बोलेना, ताटाला हात लावेना. भूमीच्या तेराव्याला भिंतीकडं पाहता पाहता तिनं एकाएकी मान वळवली. "ते रीळ," ती म्हणाली. "भूमी हाय ना त्यात? चालताना, फिरताना?"

"हाय."

"मंग काढा. पाठवा."

बिसनलाल धान्याच्या खोलीत गेले, दार लावलं, फटीत गोणपाट कोंबलं आणि काळोखात गोधडीखाली हात घालून कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. रिळीच्या दोन चकत्या असतात, एक वरची, एक खालची. चालून झाली की पट्टी वरचीवरून खालचीवर येते. त्यांच्या बोटांना वरची चकती भरलेली लागली. खालचीवर जेमतेम चार-पाच वेढे होते. त्यांनी पुन्हा चाचपलं, मग पुन्हा. मधल्या पट्टीच्या कडेला त्यांचं नख अडकलं. तिथली भोकं फाटली होती.

ते काळोखात किती वेळ बसून राहिले कोण जाणे. दाराबाहेरून दुलारीचा आवाज आला, "झालं का? हाय ना ते आत?"

"हाय," बिसनलाल म्हणाले.

पट्टी गुंडाळून त्यांनी डबीत घातली आणि झाकणाच्या फटीवर काळी चिकटपट्टी लावली. दार उघडलं तेव्हा दुलारीनं ओंजळ पुढं केली आणि डबी छातीशी धरली. त्या संध्याकाळी तिनं दूधभात खाल्ला. तेरा दिवसांतला तो पहिला घास. तो घास तिच्या तोंडातून काढून घेण्याची हिंमत बिसनलालांना झाली नाही. आज नाही, तर थोडी सावरली की सांगू, असं ते तेव्हा मनाशी म्हणाले.

ती सावरली ती डबीच्या आधारानं, आणि मग सांगणं आणखीच अवघड होऊन बसलं. पाठवा म्हटलं की ते म्हणायचे, एकच रीळ हाय, डाकेत हरवली तर? पुढं म्हणायला लागले, मुंबईचं ते धुणं बंद झालं. दरवर्षी मंडईच्या दिवशी दुलारी डबीला हळदकुंकू लावी. तीन वर्षांनी दुर्गेश्वरी झाली, तिलाही रांगत्या वयात फळीपाशी नेऊन सांगितलं गेलं, ही तुझी मोठी बहीण.

आता ती बहीण कुरियरनं चालली होती. नागपूर सुटलं, मुंबई आली, मिळाल्याची सही झाली, असं दुर्गा रोज फोनवर सांगायची आणि दुलारी रोज बिसनलालांना. जणू पोरगी पहिल्यांदाच एकटी प्रवासाला निघाली होती आणि एकेक मुक्काम सुखरूप पार करत होती.

दुलारीनं सारी आळी गोळा केली. शेजारच्या सुशिलाबाईला सांगितलं, "तुम्ही पाहिली नाही ना माझी मोठी? आता पाहा." टीव्ही ओल्या फडक्यानं पुसला. पुसलेला भाग आणि न पुसलेला भाग तिला सारखाच दिसत होता, म्हणून दोनदा पुसला.

बिसनलालांनी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एके दुपारी ती एकटी पाहून ते जवळ बसले. "दुलारी, ते रीळ—"

"तिनं लंगडी घातली होती ना," ती लगेच म्हणाली, "ते आलं असन ना त्यात?"

"असन."

दुसऱ्यांदा त्यांनी शेतातल्या बांधीवर धाडस गोळा केलं आणि घरी आले, तर सुशिलाबाई चहा पीत बसली होती. तिसऱ्यांदा रात्रीच्या जेवणाला तोंड उघडलं आणि ठसका लागला. दुलारीनं पाण्याचा गडू चाचपून पुढं केला. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, चार पंचांसमोर बोलून भांडणं मिटवलेला. पण ‘त्यात भूमी नाही’ हे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघेनात.

पुढच्या रविवारी दुर्गेश्वरी गावी आली. दुलारी सुशिलाबाईकडं गेली होती.

"बाबूजी, तो मुंबईचा रोशन विचारून राहिला, कॅमेरा कोणता होता म्हणून. हाय ना तुमच्यापाशी?"

कॅमेरा होता. बिसनलालांनी पेटीतून काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. सत्तेचाळीस वर्षांत त्यात दुसरी रीळ कधी पडली नव्हती. पण वर्षातून एकदा ते त्याची चावी भरत आणि उलगडू देत, स्प्रिंग आवळून बसू नये म्हणून. दुर्गानं तो हातात तोलला, चावी फिरवली, खटका दाबला. किर्रर्र असा आवाज खोलीभर झाला.

"अजून चालते?" ती नवलानं म्हणाली. "मले दाखवा ना, कसा चालते ते."

त्यांनी झाकण उघडलं. बोलायला त्यांना दुसरी वाट सापडत नव्हती, ती अशी सापडली.

"हे पाह्य. वरच्या चकतीवरून पट्टी या फटीत येते. फटीसमोर भिंग. मधात हा अर्धा पत्रा गरगर फिरते, उजेड अडवते आन सोडते. एका सेकंदात सोळा डाव. उजेड अडला का हे नख," त्यांनी करंगळीनं पोलादाचं इवलंसं वाकडं टोक दाखवलं, "पट्टीच्या भोकात शिरते आन एक घर खाली ओढते. मंग उजेड सुटते, एक फोटो पडते. पुन्हा अडते, पुन्हा नख ओढते. प्रत्येक फोटो थोडा येगळा. धुऊन भरभर दाखवले का माणूस चालताना दिसते."

"किती साधं हाय," दुर्गा वाकून पाहत म्हणाली.

"साधंच हाय. वर-खाली पट्टीचा थोडा ढिला वेढा ठेवा लागते, नखाले ओढता यावं म्हणून. तो वेढा कोणी ताणला, तर नख ओढते पण पट्टी येत नाही. भोकं फाटतेत. मंग नख फाटक्या जागी नुसतं वरखाली होत राहते."

"मंग कॅमेरा बंद पडते?"

"नाही." बिसनलालांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "चालते. आवाज तोच येते. यातला आकडा चावीच्या चाकाले जोडला हाय, तोही फिरते. बाहेरच्या माणसाले काही समजत नाही."

दुर्गा हळूहळू सरळ झाली.

"साहेबानं सांगतलं होतं, झाकण उघडू नको म्हणून," बिसनलाल म्हणाले. "मले राहवलं नाही. आत कसं असन ते पाहावं वाटलं. मंडईच्या आदल्या दिवशी अंधारात उघडून बोटानं चाचपलं. मले वाटलं वेढा ढिला राहिला, मी ओढून नीट केला. ट्रेसरचा हात ना माझा. सगळं ताठ पायजे."

दुर्गानं कॅमेरा खाटेवर ठेवला.

"म्हणजे रिळीत काहीच नाही?"

"साहेबानं घेतलं तेवढं असन. भूमी नाही."

"आन तुमाले हे कधीपासून माहीत हाय?"

"तेराव्यापासून."

दुर्गाचा आवाज चढला. "काऊन नाही सांगितलं, बाबूजी? मायले नाही तर मले तरी! माझ्या प्रत्येक वाढदिवसाले आधी त्या डबीले पेढा ठेवला. माझं लग्न झालं तर पहिला नमस्कार डबीले. मी लहानपणी तिच्याशी भांडत होती, समजलं काय? डबीशी! आन तुम्ही पाहून राहिले होते."

"हो," बिसनलाल म्हणाले.

तिनं तिथल्या तिथं मुंबईला फोन लावला, धुणं थांबवता येतं का पाहायला. रोशन उत्साहात होता. "मॅडम, मीच फोन करणार होतो. काल झाली तुमची रीळ. रंग निघत नाही बरं का, त्या जातीच्या फिल्मचं केमिकल आता कुठंच मिळत नाही, ब्लॅक अँड व्हाइटच केली. सुरुवातीला वीस-पंचवीस सेकंद चित्र आहे, धुरकट. मग एक चौकट पूर्ण जळालेली. पुढं कोरी. फिल्म तिथं अडकली होती, भोकं फाटलीत. कॅमेरा चालू राहिला असेल तर सगळा उजेड त्या एकाच चौकटीवर पडला. सॉरी मॅडम. लिंक पाठवतो."

फोन ठेवून दुर्गा दारापर्यंत जाऊन माय येत नाही ना ते पाहून आली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मायले सांगू, गर्मीनं खराब झाली. इतकी वर्षं झाली. कोणाले खोटं वाटणार नाही."

बिसनलालांनी मान डोलावली. सुटल्यासारखं वाटलं त्यांना, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

दुलारी परतली तेव्हा दुर्गानंच सांगितलं. दुलारीनं पायातली चप्पल काढेपर्यंत ऐकून घेतलं.

"पुरी खराब झाली?"

"थोडं काही हाय, माय. पण धुरकट. तुले दिसणार नाही."

"मले कोणतं चांगलं दिसते आता?" दुलारी म्हणाली. "धुरकट तर धुरकट. लाव."

"माय, त्यात—"

"लाव म्हटलं ना!"

दुर्गानं वडलांकडं पाहिलं. वडील जमिनीकडं पाहत होते. तिनं मोबाइल टीव्हीला जोडला. दुलारी पदर सावरून टीव्हीसमोर इतक्या जवळ बसली की तिचा श्वास काचेवर उमटला. डोळ्यांसमोरची ती एवढीशी खिडकी जागेवर आणण्यासाठी तिनं मान डावीकडं केली, उजवीकडं केली, मग स्थिर धरली.

पडद्यावर करडं धुकं हललं. धुक्यात एका ओसरीचे खांब, वेताची खुर्ची. आणि खांबामागून काहीतरी लहानसं, पांढुरकं, उड्या मारत पुढं आलं, गिरकी घेतली, पुन्हा खांबामागं पळालं.

"आली!" दुलारीनं टीव्हीच्या काचेवर तळहात ठेवला. "आली वं माय! पाहा ना, कशी उड्या मारून राहिली! दुर्गा, पाहून राहिली ना तू? तुझी बहीण!"

चित्र संपलं, पडदा क्षणभर लख्ख पांढरा झाला आणि मग नुसता करडा राहिला.

"पुन्हा लाव. पुन्हा." दुलारी हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "पोरीचं पाऊल जमिनीवर ठरतच नव्हतं. मी सांगत होती ना!"

दुर्गानं पुन्हा लावलं. गप्प राहिलं असतं तर झालं असतं. दुलारीला भूमी भेटली असती, खिडकी मिटेपर्यंत रोज भेटत राहिली असती. दुर्गाचे डोळे वडलांना तेच विनवत होते. बिसनलालांनाही ते कळत होतं. पण काचेवर ठेवलेला तो सुरकुतलेला तळहात त्यांना पाहवेना. या बाईला आपण आधी रिकाम्या डबीची पूजा करायला लावली, आता एका जनावराला आपली लेक म्हणून कुरवाळायला लावतो आहोत, हे त्यांच्या छातीत मावेना.

"दुलारी," ते म्हणाले. "ते कुत्रं होय."

"काय?"

"साहेबाचं कुत्रं. साहेबाच्या बंगल्यातली ओसरी होय ते. भूमी नाही त्यात. कधीच नव्हती."

मग त्यांनी सांगितलं. झाकण, ताणलेला वेढा, फाटलेली भोकं, धान्याच्या खोलीतला काळोख, सगळं. इतकी वर्षं जे तोंडून निघत नव्हतं ते निघालं तेव्हा पाच मिनिटंही लागली नाहीत. दुलारी ऐकताना टीव्हीकडंच तोंड करून होती. कुत्रं पुन्हा आलं, गिरकी घेतली, पळालं.

"मंग भूमी कुठं गेली?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा होता, पोर अंगणात दिसत नाही म्हणून विचारावं तसा.

बिसनलालांनी दुर्गाला सांगून ती पांढरी चौकट थांबवायला लावली. सगळ्या खोलीत तिचा उजेड पडला.

"ह्यात हाय," ते म्हणाले. "लंगडी, फिरणं, सारंच. पट्टी हलली नाही, म्हणून हजार-दोन हजार फोटो एकावर एक पडले. म्हणून काहीच दिसत नाही."

दुलारीनं मान पुढं केली. त्या पांढऱ्यात ती किती तरी वेळ पाहत राहिली, डावीकडून, उजवीकडून, अगदी नाक लावून. दाराशी सुशिलाबाई आली होती, "लागली का भूमीची फिल्म?" असं मोठ्यानं विचारत. पडद्यावरचा पांढरा उजेड पाहून तीही उंबऱ्यावर थबकली. शेवटी दुलारी टीव्हीपासून मागं सरकली.

"बंद करा," ती म्हणाली. "डोळे दुखून राहिले."

दुसऱ्या दिवशी ती दुर्गाबरोबर गोंदियाला गेली. कारण डोळ्यांचं होतं. दवाखाना जवळ पडेल, थेंब वेळेवर पडतील. जाताना भांडली नाही, रागावली नाही. भात कुठल्या डब्यात, लोणचं कुठं, एवढंच सांगितलं. बिसनलाल दर सोमवारी एसटीनं गोंदियाला जाऊ लागले. सोबत घरची भाजी, कधी लाखोळीची डाळ. दुलारी विचारायची, "जेवले काय?" ते म्हणायचे, "जेवलो." मग दोघं दुर्गाच्या गॅलरीत दोन खुर्च्यांवर बसायची, संध्याकाळची एसटी होईपर्यंत. असे तीन महिने गेले. डॉक्टर म्हणाले, खिडकी आणखी थोडी लहान झाली आहे.

महाशिवरात्र होऊन गेली, गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या शिवमंदिरातली गर्दी ओसरली, तेव्हा एका सोमवारी दुलारीच म्हणाली, "नागऱ्याले जाऊ. दर्शन घेऊ." दोघं ऑटोनं गेली. दर्शन घेऊन पायऱ्यांवर सावलीत बसली. ऑटोवाला खाली रस्त्यावर थांबला होता.

"एक विचारू?" दुलारी म्हणाली. "कॅमेऱ्याले पाहायची खिडकी होती ना. तुम्ही त्यातून पाहून राहिले होते. मले तर लोकांच्या मागून नीट दिसलंच नाही, मी बाजूले होती. तुमाले तरी दिसली असन. सांगा मले. कशी दिसत होती?"

बिसनलालांनी डोळे मिटले. इतकी वर्षं रीळ नाही याच्याच ओझ्याखाली ते वाकले होते. खिडकीतून काय दिसलं होतं हे त्यांनी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. आता शोधायला गेले, तर पहिल्यांदा आकडे आले. उन्हासाठी भिंगाचा आकडा आठ. अंतर दहा फूट. रीळ उरली पंधरा, मग दहा, मग पाच.

"फ्रॉक कोणता होता?" दुलारीनं विचारलं.

ते आठवेना. लाल होता की निळा, तेही आठवेना. कपाळ चोळत ते आठवत राहिले आणि मग दुसरंच काही वर आलं, जे त्यांनी बोलावलं नव्हतं.

"ती माझ्याकडं धावून येत होती," ते म्हणाले. "घडीघडी. भिंग दहा फुटावर बसवलं होतं, जवळ आलं का चित्र फुटते. म्हणून मी ओरडून राहिलो होतो, मागं हो, तिथंच थांब, जवळ येऊ नोको. ती मागं जाये. मी खटका दाबला का पुन्हा हात पसरून येये. मी पुन्हा ओरडलो."

"मंग?"

"मंग रडली."

"हो," दुलारी म्हणाली. "मले वाटलं, भूक लागली. मी कडेवर घेऊन भजं दिलं. तिनं खाल्लं नाही."

देवळाच्या आवारात कोणीतरी घंटा वाजवली. दुलारी समोरच्या खिडकीएवढ्या उजेडात जे काही दिसत होतं ते पाहत होती. माफ कर म्हणावं, असं त्यांच्या मनात आलं. पण ते कोणाला म्हणायचं, तिला की त्या पोरीला, हे त्यांना ठरवता येईना, आणि ते म्हणायचं राहून गेलं.

खालून ऑटोवाल्यानं आवाज दिला. दुलारी उठली. पायऱ्यांच्या कडा तिला दिसत नव्हत्या. बिसनलालांनी हात पुढं केला. तो तिला दिसला नाही, की दिसूनही तिनं घेतला नाही, ते त्यांना कळलं नाही. ती कठड्याला धरून, एकेक पायरी पायानं चाचपत उतरू लागली. ते तिच्या मागून चालत राहिले, तिचा तोल गेला तर सावरता येईल इतकं अंतर ठेवून.